तिसऱ्या हाकेला ओ

१० फेब्रुवारी १९८३, गुरुवार. काम : माचाणमामूंचं माचाण बांधून देणे.

व्हरांड्यात सगळं सामान पसरलं होतं. हातभर अंतरावर आडव्या खुंट्या असलेले, लोखंडी नळीचे चार दांडे. घडी होणारी एक चौकट आणि तिच्यावर ताणून बसवायचं कॅनव्हास. बाकी पट्टेच पट्टे. दांडे झाडाच्या बुंध्याला एकावर एक आवळायचे, खुंट्यांवर पाय देत वर जायचं, वर चौकट उघडून फांदीशी बांधायची आणि सांबराची वाट बघत बसायचं. कतारमधल्या दुखानमध्ये तेलाच्या विहिरी होत्या, चुनखडीची टेकाडं होती, पलीकडे समुद्र होता. झाड मात्र शोधावं लागे. तरी तिथे एका माणसाकडे झाडावर चढायचं सामान होतं, आणि रजेवर निघायच्या आदल्या दिवशी ते बांधून द्यायचं काम दर वर्षी माझ्याकडे होतं.

मामूंना ओळखायची खूण एकच. हाक मारली की ते वळत नसत. दुसऱ्यांदा मारली तरी नाही. तिसरी गेली की मात्र, जणू पहिलीच ऐकली अशा मोकळ्या आवाजात "ओ!" म्हणत. नवीन आलेल्या पोरांना वाटे, म्हातारा बहिरा आहे. पण तोच म्हातारा उंच परांचीवर उभा असताना खाली कुणाच्या हातून पाना निसटला तरी कुठला निसटला ते सांगे. त्यांचा इंग्रज फोरमन वैतागून "मामू-मामू-मामू" असं एका दमात ओरडायला शिकला होता. ते चालत नसे. ती एकच हाक धरली जाई. दोन हाकांमध्ये श्वास घेतलेला लागे.

"दोन हाका कुणीपण मारील, वहिनी," ते मला म्हणाले होते. "तिसरी माणसाचीच."

"हे रानातलं झालं, मामू. इथे कुठलं आलंय रान? बाभूळ औषधाला मिळत नाही."

"रान नाय, ते खरं. पण हाका मारणारं काय रानातच ऱ्हातं?"

मामू रत्नागिरी जिल्ह्यातले, संगमेश्वराकडचे. कंपनीत परांच्या बांधायचे. टाकीला रंग द्यायचा असो की चिमणी दुरुस्त करायची असो, आधी मामूंची माणसं जाऊन तिच्याभोवती नळ्यांचा सांगाडा उभा करत. राहायला एकट्या माणसांच्या बराकीत. आमचे हे कंपनीच्या स्टोअरमध्ये होते म्हणून आम्हाला क्वार्टर होतं, आणि मी देशातून पायमशीन आणलं होतं म्हणून बराकीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी माझ्याकडे येत. मामू मात्र पहिल्यांदा आले ते कॅनव्हास घेऊन.

"शिवण अशी पायजे, की माणूस लटकला तरी उसवू नये."

"कोण माणूस?" मी विचारलं.

"मी."

मला हे आवडलं. बहुतेक लोक 'जरा मजबूत करा' एवढंच सांगतात, पुढे त्याचं काय करणार ते सांगत नाहीत. मी नायलॉनचा दोरा दुहेरी घालून शिवून दिलं, आणि तेव्हापासून ते माझे गिऱ्हाईक झाले. वयानं चांगले पन्नाशीचे. मी त्यांना मामू म्हणे, ते मला वहिनी. नात्याचा हिशेब लागत नव्हता, पण दुखानात कुणाचाच लागत नव्हता.

सामान बांधण्याची त्यांची एक रीत होती, ती मी आजही पाळते. "जे आधी लागतं ते शेवटी भरायचं." झाडाखाली उभं राहिल्यावर पहिला लागतो खालचा दांडा, म्हणून तो सगळ्यांत वर. मग बाकीचे दांडे, मग चौकट. वर जाऊन बसल्यावर अगदी शेवटी लागतो तो कमरपट्टा, माणसाला बुंध्याशी बांधून ठेवणारा. तो सगळ्यांत तळाशी. अंधारातही हात घातला की हवी तीच वस्तू हाताला यावी. खुंट्यांना जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळायच्या, कारण लोखंडाला लोखंड लागलं की सगळ्या रानाला कळतं. साबण नाही, अत्तर नाही. कॅनव्हास ते टेकाडापलीकडे वाळूत पुरून ठेवत, माणसाचा वास जावा म्हणून. एकदा मी सवयीनं बोचक्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. मामूंनी नाक लावलं, मुकाट्यानं सगळं बाहेर काढलं आणि म्हणाले, "थोरला वेशीवरनंच परत जायल, वहिनी. म्हणेल, कुणाचं तरी कपाट आलंय."

थोरला म्हणजे सांबर. त्याचं नाव ते घेत नसत. शिकारीला निघताना जनावराचं नाव घेतलं तर ते ऐकतं, असं त्यांचं म्हणणं.

बराकीत ह्या सामानावरून त्यांची पुष्कळ थट्टा चाले. "लोक गावाला टेपरेकॉर्डर नेतात, मामू परांची नेतो!" गेटवरच्या अरब पहारेकऱ्यानं एकदा ते बोचकं सोडायला लावलं. मामूंनी हातवारे करून झाड, चढणं, बसणं सगळं करून दाखवलं. पहारेकऱ्यानं चारी दिशांना बघितलं आणि विचारलं, "वेन शजर?" झाड कुठाय? त्यानंतर कित्येक महिने बराकीतली पोरं मामू दिसले की ओरडत, वेन शजर, वेन शजर! मामू अर्थातच तिसऱ्या वेळेला वळून म्हणत, "ओ!"

बंदूक नाही हे मला फार उशिरा कळलं. पूर्वी होती, ठासणीची, वडिलांची. शिकारीवर बंदी आली तशी त्यांनी ती पोलिसांत नेऊन जमा केली होती.

"मग झाडावर बसून करता काय?" मी विचारलं.

"बसतो."

"नुसते?"

"माचाणावर माणूस बसत नाय, वहिनी. कान बसतात."

मी पुढे विचारलं नाही. रजेतला महिनाभर एखादा माणूस घरी बायको-मुलीजवळ बसण्याऐवजी झाडावर बसत असेल तर तो त्याचा प्रश्न. मला फक्त शिवणीची काळजी.

त्या शिवणीपायीच मी एकदा वर गेले. दोन वर्षांपूर्वी मी पट्टे नवे करून दिले होते आणि ते वजन घेतात का हे बघायचं होतं. शुक्रवारची सुट्टी. ह्यांनी गाडी काढली, मामूंना घेतलं, आणि आम्ही गावाबाहेरच्या त्या एका झाडापाशी गेलो. बोरीच्या जातीचं झाड ते, अरब त्याला सिद्र म्हणतात. पावसाचं पाणी साचतं अशा एका खळग्यात एकटंच उभं होतं. मामू चढायला लागले तशी मी म्हटलं, "थांबा. शिवण माझी, बसणार मी." पदर खोचला आणि चढले. ह्यांनी खालून नको नको म्हणून घेतलं.

वर बसले, कमरपट्टा आवळला, पट्टे ताणून बघितले. काम चोख होतं. दुपार कलली होती. हवेत धूळ इतकी, की सूर्य घासलेल्या पितळीसारखा दिसत होता, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. लांब तेलाच्या विहिरींवरची जळत्या वायूची ज्योत धुळीत विरघळून नुसता तांबूस डाग झाली होती. खाली हे दोघे स्टोव्ह पेटवत होते. मामूंनी सांगितलं होतं म्हणून मी हलले नाही. थोडा वेळ गेला आणि सगळे आवाज बारीक झाले. स्टोव्हचासुद्धा.

"कुंदे."

लग्नात माझं नाव बदललं. कुंदा हे माहेरचं, आणि 'कुंदे' अशी हाक मारणारी माझी आई वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कतारमध्ये ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. हे मला 'अगं' म्हणतात, बाकीचे वहिनी. आणि हाक खालून आली नाही. मी होते त्याच उंचीवरून आली, पाठीमागून, जिथे फांदी नव्हती, काहीच नव्हतं. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. नुसता ओळखीचा होता.

ओ द्यायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खाली मामूंनी, वर न बघता, हाताचा पंजा उचलून धरला. गप्प.

"कुंदे." ह्या वेळी जवळून.

मग काही नाही. स्टोव्हचा आवाज परत आला. मी उतरले. मामूंनी चहाचा पेला पुढे करत हळूच विचारलं, "किती?"

"दोन."

"बरं झालं."

"कसल्या दोन?" हे म्हणाले.

"साखर," मामू म्हणाले. "दोन चमचे."

गाडीत मी विचार केला. दांड्यांची तोंडं उघडी, नळी पोकळ, वारं शिरलं की ती वाजणारच. दुसऱ्या दिवशी मी कॅनव्हासच्या टोप्या शिवून सगळ्या नळ्यांच्या तोंडांना बसवल्या. नळीला माझं माहेरचं नाव कसं कळलं, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो तिथे मी विचारत नाही. मात्र त्यानंतर मी मामूंना कधी हसले नाही.

तर त्या गुरुवारी सामान पसरलेलं होतं आणि मामू जमिनीवर बसून खुंट्यांना चिंध्या गुंडाळत होते. ह्या वेळची बांधाबांध वेगळी होती. नोकरी संपली होती, खलास. उद्या सकाळच्या विमानानं गेले की परत यायचं नव्हतं. रीत माझ्या अंगवळणी पडलेली, म्हणून मी आधी तळाची वस्तू शोधली. कमरपट्टा. तो मशीनच्या मागे खिळ्याला लटकत होता.

"हा राह्यला की."

"नको. ह्या टायमाला नाय न्यायचा."

"का?"

त्यांनी चिंधीची गाठ मारली, दातानं टोक तोडलं आणि मग सांगितलं. दुःखानं वगैरे नाही. एखाद्या कामाचं कुठवर आलंय हे सांगावं तसं.

त्यांच्या गावाबाहेर ओढ्यावर एक किंजळीचं झाड आहे. कड्याच्या अगदी तोंडाशी, खाली खोल वहाळ. तरुणपणी मामू आणि त्यांचा धाकटा भाऊ तिथे बसायचे. एका रात्री धाकटा पाणी प्यायला ओढ्यावर उतरला. थोड्या वेळानं खालून हाक आली, "दादा." मामू गप्प. परत आली, "दादा." मामू गप्प, तिसरीची वाट बघत. तिसरी आली नाही. फटफटल्यावर खाली गेले तर धाकटा अर्ध्या वाटेवर पडलेला. पायाला फुरसं डसलं होतं.

"तुम्ही..." मी म्हटलं.

"दोन त्यानं मारल्या. तिसरी बाकी हाय त्याची," मामू म्हणाले. "ती आयकायला बसतो. आतापतूर महिन्याची रजा, नोकरी धरायची घाई. आता रोज बसेन. येयल ती."

"आणि आली म्हणजे?"

"ओ देयन आन् उतरेन. लगेच. पट्टा सोडत कोण बसणार?"

मी त्यांच्याकडे बघितलं. गुडघे धरलेले, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, म्हणून तर परांचीवरचं काम सुटलं होतं. हा माणूस अंधारात कड्याच्या तोंडावरच्या झाडावर, पट्टा न बांधता, एका हाकेच्या भरवशावर बसणार होता. हाक येणार की नाही ते मला ठाऊक नव्हतं. पण रोज वाट बघणाऱ्या माणसाला एक ना एक दिवस ती ऐकू येणार, आणि तो त्या दिवशी खाली पाय टाकणार, एवढं कळायला रान बघावं लागत नाही.

"घरी बायको वाट बघतेय, मामू. लग्नाची मुलगी आहे."

"त्या जित्या हायत, वहिनी. त्या पायजेत तेवढ्या हाका मारतील."

मी बोचक्याचं तोंड शिवलं. त्यांनी ते खांद्यावर घेतलं, आणि पट्टा खिळ्यालाच राहिला.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांचा विश्वास आहे, आपण काय करणार?"

"विश्वास आहे म्हणूनच करता येईल," मी म्हटलं.

मी ठरवलं ते असं. सकाळी गाडी निघताना पट्ट्याच्या निमित्तानं जायचं. मामूंना तीन हाका मारायच्या, मध्ये श्वास घेऊन, रीतसर. ते ओ देतील. मग सांगायचं, मी दोनच मारल्या. तिसरी कुणाची ते त्यांचं त्यांना कळेल. मग झाडावर चढायला कारण उरणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. पण टाका घालायचाच तर कापड बघून घालावा.

सकाळी दार उघडलं तर धुकं. दुखानला थंडीत पडतं तसं, समुद्राकडून सरकत आलेलं, दाट. कुंपण दिसत नव्हतं. ज्योतीच्या बाजूचं धुकं नारिंगी होतं आणि ते हलत होतं, आतून कुणी कंदील घेऊन फिरत असल्यासारखं. मी पट्टा हातात घेऊन बराकीकडे निघाले. चालताना माझ्याच चपलांचा आवाज एकदा पुढून येई, एकदा मागून.

मला उशीर झाला. बराकीच्या गेटापाशी पोचले तेव्हा कंपनीची पिकअप निघाली होती. मागचे लाल दिवे दिसले आणि पुसट होत गेले. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी धावले.

"मामू!"

दिवे लांब जात होते. श्वास घेतला.

"मामू!"

दिवे दिसेनासे झाले. आता सगळीकडे सारखंच पांढरं. मला धाप लागली होती. कमरेवर हात ठेवून मी छातीत हवा भरून घेतली, तिसरीसाठी. तोंड उघडलं.

पुढे धुक्यात करकचून ब्रेक लागला. लाल दिवे जागच्या जागी पेटले आणि मामूंचा आवाज आला, "ओ!"

मी जाऊन पोचले तेव्हा ते खाली उतरून उभे होते. मल्याळी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मामू बोला रोको, रोको. क्या हुआ, भाभी?" मी आरशात दिसले असेन का, असं मला वाटून गेलं. त्या धुक्यात मला माझा पट्टा धड दिसत नव्हता.

"तीन झाल्या म्हणून थांबलो," मामू म्हणाले. "काय राह्यलं, वहिनी?"

मी पाठ करून आणलेलं वाक्य तयार होतं. ते खोटं म्हणून पाठ केलं होतं.

"मामू," मी म्हटलं, "मी दोनच मारल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मोतीबिंदूचा डोळा धुक्यासारखाच दिसत होता. मग त्यांनी माझ्या मागे, मी आले त्या बाजूला बघितलं, बराच वेळ. मी वळले नाही.

"पयली आन् दुसरी तुमची," ते हळूहळू म्हणाले. "तिसरी... मला वाटलं, वहिनी आज मला दादा का म्हणतात."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "यल्ला मामू, फ्लाइट जायेगा."

मामूंनी पिकअपच्या मागून बोचकं ओढलं. मी हात लावला. दोघांनी मिळून ते रस्त्याच्या कडेला ठेवलं. चिंध्या नीट गुंडाळलेल्या, टोप्या बसवलेल्या. कुठे खणकन आवाज झाला नाही.

"हे आता कशाला न्यायचं," ते म्हणाले. "ठेवा तुमच्याकडं. नळ्या चांगल्या हायत."

"पोचल्यावर डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या," मी म्हटलं.

"इन्शाल्ला. येतो, वहिनी."

ते 'येतो' म्हणाले, 'जातो' नाही. दार लागलं. पिकअप गेली. मला आणखी एक हाक मारावीशी वाटली, पण ती आता कितवी धरली जाईल हे कळेना, म्हणून मारली नाही.

बोचकं जड होतं. खांद्यावर घेऊन घरी आणलं, व्हरांड्यात ठेवलं, पट्टा होता त्या खिळ्याला लावला, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. धुकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं.

"अगं," आतून हाक आली.

आवाज ह्यांचाच होता. मी पातेल्याकडे बघत उभी राहिले.

"अगं, आलीस का?"

पाण्याला आधण आलं. मी गॅस बारीक केला, बोलले नाही.

"अगं, ऐकू येतंय की नाही? गेले का मामू?"

"ओ," मी म्हटलं. "गेले." आणि पाण्यात साखर टाकली.